अर्धं दाबून

वलांडीच्या जनावरांच्या दवाखान्यातला कॅमेरा
माझ्या नावावर चढला, त्या दिवशी
डॉक्टर पटणे एवढंच म्हणाले,
"हिरव्यावर ठेवा. बाकीच्याला हात लावू नका."

वर एक चकती, कडेला दाते, जुन्या नाण्यासारखे.
टक् — डोंगर.
टक् — पळणारा माणूस.
टक् — टोपीवाली बाई, नुसतं तोंड.
टक् — चांदणी, तिच्याखाली कुणीतरी एकटं.
फूल चकतीवर नाही. ते मागच्या बटनावर,
नखानं दाबावं लागतं.

महिनाभर मी हिरव्यावर राहिले
आणि महिनाभर तालुक्यातली प्रत्येक म्हैस
राखाडी आली.

कॅमेऱ्याला काळं पटत नाही.
त्याला वाटतं अंधार पडलाय,
आणि आपल्या मनानंच उजेड वाढवतो.
पांढऱ्याचंही तसंच. शेवरा वळू उन्हात उभा केला
तर त्याला म्हणतो, फार झालं,
आणि धुतलेलं जनावर मळकट करून देतो.
हे मला कुणी सांगितलं नाही.
बोरोळच्या एका गोठ्यात, वीज नव्हती, चहा व्हायचा होता,
तेव्हा अधिक-उण्याचं बटन सापडलं.
म्हशीला उणे एक. गाईला अधिक एक.
वानेऱ्याला काय द्यावं, अजून ठरत नाही:
अंग पांढरं, तोंड काळं,
एकाचं भलं करावं तर दुसरं बुडतं.

विम्याला चार फोटो लागतात.
दोन कुशी, एक समोरून,
आणि एक कानातल्या बिल्ल्याचा, बारा आकडे स्वच्छ.
शंकरप्पाची बाशिंगी माशीच्या निमित्तानं कान झाडायची.
मी पळणारा माणूस लावला. आकडे आले, पण कान गेला.
फूल लावलं, इतकी जवळ गेले
की तिचा श्वास भिंगावर बसला.
पदरानं पुसून पुन्हा
बटन अर्धं दाबलं.

अर्धं दाबणं मला आवडतं.
तेव्हा अजून काही घडलेलं नसतं,
फक्त आतलं भिंग मागं-पुढं होतं, बारीक कुरकुरतं,
चौकोन हिरवा होतो, आणि एक चिवचिव.
बोट तिथंच धरून ठेवायचं.
जनावरालाही कळतं, बहुतेक.

समोरचा फोटो काढताना चौकोन तोंड शोधू लागला.
गाईचं त्याला तोंडच वाटेना.
तो गेला मागच्या दारावर चिकटवलेल्या
हात जोडलेल्या उमेदवाराकडे.
रेवण हसून दाव्याला लोंबकळला.
"म्याडम, त्यालाच टोचा बिल्ला!"

महिन्यानं फाइल परत आली.
मधे कधीतरी हळीच्या बाजारात बॅटरी निसटून पडली होती,
आणि चारही फोटोंच्या कोपऱ्यात पिवळ्या आकड्यांत
एक जानेवारी दोन हजार आठ.
रेवणनं बोटं मोजली.
"तवा तर म्या बी नव्हतो."
मग दावं कुणी धरलंय रे?
त्याला उत्तर सुचलं नाही, मलाही नाही.

पुन्हा गेले तेव्हा दुपार कलली होती.
गोठ्यात खुंटा, त्याभोवती घासून गुळगुळीत झालेली माती,
दावणीत थोडा कडबा.
महानंदाबाई पाण्याचा तांब्या देत म्हणाल्या,
"इकली की. आता कशाचा काढता, खुट्याचा?"

मी कॅमेरा उघडलाच होता.
रेवण सवयीनं येऊन उभा राहिला,
हातात रिकामं दावं, दुसरं टोक जमिनीवर.
चौकोन जरा भिरभिरला.
उमेदवाराचा कागद पावसानं गेला होता.
मग तो पोराच्या तोंडावर येऊन थांबला
आणि हिरवा झाला.

मी पळणारा माणूस काढला.
चांदणी नको, डोंगर नको.
अर्धं दाबून बराच वेळ उभी राहिले,
तोवर त्यानं विचारलं, "निघाला का?"

तारीख मात्र दुरुस्त करायची राहिली ती राहिलीच.
दवाखान्याच्या कपाटात, कार्डात,
एक पोरगं आपल्या जन्माच्या आधीच
कुणाचं तरी दावं धरून उभं आहे.