उसवणावळ

सत्तावीस सालचा चैत्र. बेळगाव कॅम्पात
कल्लाप्पा मुचंडीकराच्या दुकानी
तीनशे डगले येऊन पडले,
आतून लोकरीचं अस्तर लावायला.
"पलटण चीनला निघालीय," स्टोअरचा बाबू म्हणाला,
"तिकडं दंगा. नानकिनात वकिलात लुटली."

आजा सुईत दोरा ओवत होता.
"नानकीन म्हणजे कापड न्हवं?
पिवळसर. दोन धुण्यांत अंगाला बसतं.
त्याच्यावर तोफा कशा डागणार, मर्दा?"

बाबू हसला नाही.

मग लंडनात बैठका बसल्या.
किल्ला उडवायचा, की बंदर अडवायचं,
की नुसता खलिता धाडायचा, कडक भाषेतला,
हे कॅम्पात कुणाला सांगितलं नाही.
तार ऑफिसचा शिपाई भिंतीला सायकल टेकवायचा
आणि मशीनवर आजाचा पाय थांबायचा.

शिवा.
थांबा.
अस्तर काढा, तिकडं उन्हाळा लागला.
लावा पुन्हा, अजून ठरत नाही.
कुठल्या तरी एका सरकारची सही अडलीय म्हणे.
काढा.

कडोलीच्या भरमानं बायकोचा निरोप तीनदा घेतला.
पहिल्यांदा ती वेशीपर्यंत आली,
दुसऱ्यांदा उंबऱ्यापर्यंत.
तिसऱ्यांदा चुलीपुढनं उठलीच नाही.
"जावा," म्हणाली,
"खरं भाकरी खाऊन जावा."

बाजारातला आंबा संपला तरी
पलटण परेडच्या मैदानावरच होती.
पुढं कधीतरी कळलं, बेत बारगळला.
नानकिनातही एखादा शिंपी असेल,
त्यानं त्या सकाळी फळी उघडली असेल,
त्याला तरी कुठं ठाऊक, काय टळलं ते.

आजानं बिल केलं:
शिवणावळ, दोनदा.
उसवणावळ, दोनदा.
बाबूनं खालच्या ओळीवर लाल काट मारली.
"उसवायचा दर सरकारी तक्त्यात नाही."
"मग तिकडच्या सायबास्नी विचारा," आजा म्हणाला,
"दोन महिने बसून त्यांनी दुसरं काय केलं?
त्यांचा पगार कापला का?"

पैसे नाही मिळाले. कातरणं मिळाली.
त्यांची वाकळ झाली, आधी बापाच्या अंगावर,
मग माझ्या.
मानेपाशी खाजायची रात्रभर.
अंधारात हात फिरवला की
बोटांना सुईची भोकं लागायची,
एकाला लागून एक,
दोरा नसलेली.