कस

लोकर कानानं पारखायची असते.
सतराव्या वर्षी मोराग टलकनं शिकवलं मला:
बोटाएवढी बट घे, दोन्ही टोकं धर,
कानाशी ने आणि मधोमध टिचकी मार.
खणखणली तर पक्की.
चरचरली तर समज, या मेंढीनं वर्षात कधीतरी
दुखणं काढलंय, उपास काढलाय, रात्रभर बर्फात राहिलीय,
आणि त्या आठवड्याची लोकर बारीक निघालीय.
तुटेल तर तिथेच तुटेल.

गोरच्या शेडमध्ये तेवीस हंगाम टिचक्या मारतेय.

माझी पहिली चाई रावीरीनं पाहिली,
कानामागे, दोन डॉलरच्या नाण्याएवढी, गुळगुळीत.
"असा डाग मी मेंढीवर पाडला असता," म्हणाला,
"तर मालकानं घरी पाठवलं असतं मला."
हसलो दोघं. मग त्यानं मशीन बंद केलं
आणि स्वतःची टोपी काढून दिली.
ते मला थट्टेपेक्षा जड गेलं.

डॉक्टरनं भिंगातून दाखवलं: चाईच्या काठावर उभे केस,
वर जाड, मुळाशी निमुळते, उद्गारचिन्हांसारखे.
वाटलं, हे तर मला येतं वाचता.
कारण विचारलं, तर पुष्कळ बोलली.
घरी येईपर्यंत त्यातलं एवढंच उरलं:
राखणीचं कुत्रं आहे, गुणी आहे,
एका सकाळी आपल्याच कळपावर उठलं.

मग खिडकीत बाटल्या.
बायोटिन, लोह, ड जीवनसत्त्व,
आणि झिंक, जे रिकाम्या पोटी घेतलं
आणि पहिल्याच पाळीत लोकरीच्या पिंपाशी ओकले.
एक बाटली म्हणजे दीड तास झाडू मारणं.
मी तशाच मोजते बाटल्या.

सेलेनियमवर जरा जास्त विश्वास बसला, ओळखीचं म्हणून.
इथल्या मातीत ते नाहीच. गवत हिरवंगार, पण कस नाही.
शेपट्या कापायच्या दिवशी प्रत्येक कोकराच्या घशात
पिचकारी मारतो आम्ही, नाहीतर पाय ताठरतात त्यांचे.
मीही याच मातीतली.
दोन-दोन घेत होते. जनावरांची डॉक्टर फेनेला
फाटकाला टेकून म्हणाली, एकच घे बाई,
जास्त झालं तर घोड्यांची आयाळ झडते.
दिवसभर मग तो घोडाच डोळ्यांसमोर.

एप्रिलात रक्ताचा अहवाल आला, थायरॉइड पार बिघडलेलं.
दोन रात्री डोळ्याला डोळा नाही.
मग फोन: बायोटिन घेताय का? थांबवा आणि पुन्हा या,
त्यानं तपासणी फसते.
म्हणजे गोळी लागू पडली,
केसांना नाही,
कागदाला.

जूनमध्ये भुवया गेल्या.
कॅलम डनीडनहून आला, बसमधून उतरला,
माझ्यावरून नजर फिरवली आणि पुढे शोधत राहिला.
कातरलेल्या मेंढ्या बाहेर सोडल्या की असंच होतं.
आई समोरच उभी, पांढरीफटक, बरगड्या दिसताहेत,
आणि कोकरू तिला ओलांडून आईच्याच नावानं कोकलत धावतं.
ती ओरडते तेव्हा थबकतं.
मी ओरडले.

ऑगस्टपासून कानामागे काहीतरी आलंय.
पांढरी लव. बोटाला कळते, आरशाला नाही.
डॉक्टर म्हणते, आपोआप येते कधीकधी, जातेही.
फेनेला म्हणते सेलेनियम. कॅलम म्हणतो झिंक.
रावीरी टोपी परत मागत नाही.
आणि डाव्या बाजूला, भांगापाशी,
नवी चाई. ही एकाच डॉलरची.

बाटलीत अकरा गोळ्या उरल्यात.
पुढची आणायची की नाही हे ठरत नाही,
आणि शनिवारी दुकान लवकर बंद होतं.

लव अजून टिचकीला पुरत नाही.
तरी रात्री अंगठा आणि बोट तिथे जातात,
चिमटीत काही येतंय का बघतात,
आणि कान, सवयीनं,
आधीच तयार असतो.