डावा डोळा

नॉरवुडमध्ये नोव्हेंबरात पाचलाच अंधारतं.
एल्डन कॉम्ब्सच्या गॅरेजात हीटर आहे,
पण तो स्वतःपुरताच तापतो.
सदुसष्टची कॅमेरो, जाळीमागे लपवलेले दिवे,
दिव्यांवर दोन झडपा.
बटण ओढलं की उजवी सरकते.
डावी नुसती थरथरते, आणि पडून राहते.

"आमच्यात बाईचा डावा डोळा लवला तर शुभ," मी म्हटलं.
"गाडी बाई आहे?"
"मराठीत आहे."
"मग लवकर होऊ दे शुभ.
शनिवारी पुतण्या येतोय न्यायला."

एल्डनला मधलं दिसत नाही.
कडेकडेचं दिसतं: माझा कान, दाराची चौकट,
मांजर आत आलेलं.
ज्याच्याकडे रोखून बघावं नेमकं तेच पुसलेलं.
म्हणून तारा मी बघायच्या,
आवाज त्याने ऐकायचे.

वायरिंगच्या नकाशावर कॉफीच्या कपाचं गोल,
आणि डाव्या मोटरचा जोड बरोबर त्या गोलाखाली.
"रंग सांग."
मी टॉर्च दातांत धरते.
नकाशात हिरवी असलेली तार
इथे हौदाच्या तळासारखी.
जांभळी आहे ती शिजलेल्या वांग्याची साल.
"पिवळी?"
"होती कधीतरी. आता मुरलेल्या लोणच्याची फोड."
"ते तू दिलेलं? जीभ सोलली होती माझी."

दिवसभर मी डायलिसिसच्या यंत्रांपाशी असते.
तिथे नळीत हवेचा एक बुडबुडा आला
तरी यंत्र सगळा वॉर्ड डोक्यावर घेतं.
इथे कुणी ओरडत नाही.
साठ वर्षांच्या टेपचा चिकटा बोटांना लागतो,
आणि एक मेलेला नाकतोडा
रिलेच्या झाकणात, अगदी शाबूत.

आधी झडपेच्या खाचांत तेल सोडलं.
डोळ्यात तेल घालणं म्हणतात
ते मी पहिल्यांदाच खरोखर केलं.
काही नाही.
मग टेस्ट लॅम्प. बारा व्होल्ट येतात.
मग बॅटरीवरून दोन तारा थेट मोटरला.
फिरली, सुतासारखी.
एल्डन मान तिरकी करून ऐकत होता.
"मोटर चांगली आहे. वीज पोचते.
परत यायला वाट नाही तिला."

लाइनवर तो हेच बसवायचा.
पुढचा हार्नेस, गाडी पुढे सरकायच्या आत,
आणि ग्राउंडचा स्क्रू सगळ्यात शेवटी.
"ही माझ्या हातची असेल. नसेलही.
शुक्रवारी दुपारी तर..."
पुढचं त्याने गिळलं.

स्क्रू सापडला रेडिएटरच्या पट्टीमागे.
त्याच्याखाली काळा रंग, गुळगुळीत,
नखाने टोकरला तरी निघेना.
"इथे कुणी रंग दिला?"
बराच वेळ हीटरच बोलत राहिला.

"मीच. अठ्ठ्याऐंशीत.
प्लँट बंद झाल्याचा पुढचा उन्हाळा.
हाताला काम नव्हतं.
तीन हात दिले,
जिथे द्यायचा नाही तिथेही."

तेव्हा चालली असणार कशीबशी,
एखाद्या ओरखड्याच्या आधाराने.
मग गंजाने तेवढाही सोडला नाही.

पॉलिश पेपरची घडी घेऊन मी घासत बसले.
काळा गेला, तांबूस गेला,
आणि चार आण्याएवढं उघडं पत्रं
एकदम पांढरं चमकलं.
स्क्रू आवळला. एल्डनला आत बसवलं,
त्याचा हात धरायची गरज नव्हती,
बटण कुठे आहे ते बोटांनाच ठाऊक.

टक्. उजवी.
मग एक श्वास.
मग डावी, कुरकुरत, पण पूर्ण.

"दोन्ही?"
"दोन्ही. डावी जरा मागून."
"मागूनच येते ती.
नवीन होती तेव्हाही."

समोरच्या भिंतीवर उजेड पडला:
बर्फ ओढायचं फावडं, रंगाचे वाळलेले डबे,
खिळ्याला टांगलेला कारखान्याचा जुना बिल्ला.
एल्डन उतरून गाडीपुढे आला,
आणि दिवे नीट दिसावेत म्हणून
मांजराकडे बघत उभा राहिला.