सत्तेचाळीस मिनिटं

रात्री दोन वाजून दहा.
पेझलीतल्या माझ्या स्वैपाकघरात फोन उजळतो :
हल, प्रसूती विभाग. भाषा मराठी.
मी माझा नंबर सांगते. नाव सांगायचं नसतं.
नियम असा, की ती ‘मी’ म्हणाली
तर मीही ‘मी’च म्हणायचं.

पलीकडे स्पीकरवर आधी नुसता श्वास,
मग : बाई, तुमी कुठल्या?
मी इमानाने त्याचं इंग्रजी करते.
हीदर नावाची मिडवाइफ हसते. सांग की, म्हणते.
भूम.
आमचं परांडा! शिवकन्या ओरडते,
आणि त्याच ओरडण्याची पुढे कळ होते.

ऐक. पोटावर दोन पट्टे बांधतील,
एक तुझ्या कळा मोजेल, एक बाळाचं काळीज.
नळी तोंडात धर. कळ यायच्या आधी ओढ,
आल्यावर नाही. डोकं हलकं होईल,
हसू येईल. येऊ दे.
पाठीत सुई हवी तर सही लागेल.
शंभरातल्या एकीला मागाहून डोकं दुखतं.
‘अन् बाकीच्या नव्व्याण्णव?’
हे विचारून होतंय तोवर कळतं,
सुईचा डॉक्टर दुसऱ्या खोलीत अडकलाय.
नवरा केअर होममध्ये, रात्रपाळीला :
कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईची कूस बदलत असेल.

एक ते दहा, हीदर विचारते, किती दुखतंय?
‘कंबरंत करवत चालायलीय.’
मी करवतीचं इंग्रजी करते.
आकडा, प्लीज.
‘मला कसंच व्हायलंय वो.’

कसंच.
कळ, वेणा, ठणका, सणक, चमक, मुरडा,
एवढी नावं आपल्याकडे दुखण्याला,
आणि तिला सापडलं हे.
दहा, मी म्हणते.
आकडा मी ठरवला.
याची तक्रार करता येते.

मग हीदर म्हणते, आता.
आता! मी म्हणते. लाव जोर, लाव की गं पोरी,
हनुवटी छातीला, आवाज गळ्यात घालवू नको, खाली ने,
आणि वरच्या मजल्यावरचे मिस्टर गिलेस्पी
जमिनीवर काठी आपटतात.
मी उठले कधी? ओट्याची कड धरून
अंधाऱ्या खिडकीला इंग्रजीतून सांगतेय :
मला होत नाही. मी मरते. मला घरी न्या.
व्याकरणात याला प्रथमपुरुष म्हणतात.
पुरुष!

आणि शांतता.
फोनवर शांतता कशाची आहे ते दिसत नाही.
सिंकमध्ये थेंब पडतो.
दुसरा.
कुणीतरी गाडा ढकलतं, कुणीतरी काही पुसतं, घासतं,

मग ते.
त्याचं भाषांतर कुणी मागत नाही.

वार पडेपर्यंत लाइनवर राहा, हीदर सांगते. राहते.
चहा आणि टोस्ट आणू का तिला?
‘बाळंतिणीला पाव?’
मी जसंच्या तसं पोचवते.
लोणी लावेन की, हीदर म्हणते.

मग फोनच्या अगदी जवळ, ओलसर :
‘बाई, सुटले वो मी.’
सुटले, मी इंग्रजीत म्हणते. मी सुटले.
हीदरला वाटतं, घरी जायचं विचारतेय.
आज रात्री नाही, लव्ह. उद्या डॉक्टर बघतील,
मग कागद, मग गाडीत बाळाची सीट आहे ना ते बघू.
मी हे तिला सांगते. ती हसते. नळीतला वायू अजून उरलाय बहुतेक.

फोन तुटतो.
मुलगा की मुलगी, विचारायचं राहिलं.
तसंही दुभाष्याने प्रश्न विचारायचे नसतात.

फॉर्म भरते. भाषा : मराठी.
कालावधी : सत्तेचाळीस मिनिटं.
अडचणी : नाहीत.
पाय कापतायत ते कापू देते,
आणि टोस्टरमध्ये दोन पाव टाकते.