सदरहू

सीबीएससमोर, कोर्टाच्या भिंतीला टेकून माझं टेबल.
एकोणीस वर्षं इंग्रजीचं मराठी करतोय,
पानाला ऐंशी रुपये, घाई असेल तर शंभर.
'अफोरसेड' आलं की बोटं मला विचारत नाहीत,
आपसूक 'सदरहू' टाइप होतं.
कधी 'मजकूर'. वकील जुना असला तर 'उपरोक्त'.
अर्थ एकच: वर सांगून झालंय,
पुन्हा सांगत नाही.

हे विशेषण एकटं राहत नाही.
त्याला पुढे कुणीतरी लागतं
आणि वर कुठेतरी एक नाव.
वर नाव नसलं
तर ते नुसतंच मान उंच करून बघत राहतं,
मेहेर सिग्नलला चुकलेल्या पाहुण्यासारखं.

काल मखमलाबादहून ठकूबाई फडोळ आल्या.
हक्कसोडपत्र. भाचा टोरांटोला, म्हणून कागद इंग्रजी.
वाचून दाखवलं:
सदरहू लिहून देणार,
सदरहू मिळकत,
सदरहू लिहून देणार हिचा सदरहू मिळकतीवर
यापुढे कसलाही हक्क उरला नाही.

अंगठ्याला शाई लागायची होती अजून,
तरी त्यांनी तो पदराला पुसला.
"माझं नाव कुठंय यात?"
पहिल्या पानावर, म्हटलं. तिसरी ओळ.
"येकदाच?"
एकदा आलं की पुरतं, मावशी.
"आन् त्याचं?"
त्याचं प्रत्येक पानावर. पासपोर्ट नंबरासकट.

हसल्या. "आमचे मालक बी तसेच व्हते.
मांडवात येकदा नाव घेतलं,
मंग जलमभर 'आगं ए'."
मग चष्म्याच्या काचेतून कागदाकडे बघत,
वाचता येत नसूनही बराच वेळ बघत:
"हिरीच्या अंगाला दोन पेरू हायेत.
त्ये धरले का सदरहूत?"

धरले असावेत.
पंचवीस आर म्हटलं की त्यात
सगळंच येतं.

त्या चहाला गेल्या तेव्हा
मी मराठी प्रत पुन्हा उघडली.
इंग्रजीवर माझा अधिकार नाही.
जिथे जिथे सदरहू लिहून देणार,
तिथे ठकूबाई सखाराम फडोळ.
अकरा वेळा.
एक पान वाढलं, त्याचे पैसे लावले नाहीत.

वकील बघेल आणि खोडेल.
खोडू दे.
खोडायला तरी त्याला
अकरा वेळा ते वाचावं लागेल.