उलट फेरी

कचराळी तलावाच्या तिसऱ्या बाकावर
आम्ही आठजण जमायचो, बाक चौघांचा.
उरलेले पाळीपाळीने उभे.
टिपणीस मात्र कधीच उभा नाही.
वागळे इस्टेटमध्ये एकतीस वर्षं सुपरवायझर होता,
त्याचा आवाज अजून मशीनच्या वर चढतो.

कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड,
चिमूटभर मेथी. प्रमाण टिपणीसचं.
"गोळी एकदा लागली की सरणावरच सुटते,"
तो म्हणायचा, आणि आम्ही ग्लास तोंडाला लावायचो.
घोट उतरताना आठही तोंडं
सारखीच वाकडी व्हायची.
मला वाटतं, आमची खरी ओळख तीच होती.

कर्णिकने एकदा कागद आणले.
प्रत्येकाला वेगळी प्रत, पिवळ्या शाईने खुणा केलेली.
तो बरोबर होता.
बोलला मात्र उभ्याने, आमच्याकडे तोंड करून,
शाळा तपासायला आल्यासारखा.
म्हात्रेने त्या कागदात शेंगांची टरफलं गुंडाळली.

दुसऱ्या दिवसापासून कर्णिक उलट दिशेने फिरतो.
एका फेरीत दोनदा समोर येतो,
दोनदा मान हलवतो. आम्हीही हलवतो.
तळं लहान आहे,
अबोला धरायला पुरत नाही.

माझी साखर दोनशे शहाऐंशी निघाली तेव्हा
मुलीने रिपोर्ट मिठाच्या बरणीखाली ठेवला.
मी वाचला. मला कळला.
पोस्टात हिशेब तपासण्यात जन्म गेला,
आकडा मला फसवत नाही.
रात्री दहा वाजता माझी खात्री पटली होती.
सकाळी साडेसहाला कांबळीने ग्लास पुढे केला
आणि ती खात्री मी चपलेसारखी
बाकाखाली काढून ठेवली.

कागद खोटा नव्हता.
पण कागद जवाहरबागेत आला नव्हता
कुमुदला पोचवायला.
हे सहाजण आले होते. शिधये अनवाणी, भर मे महिन्यात.
(कर्णिकही आला होता, उशिरा, मागे उभा राहिला.)
तेराव्यापर्यंत रोज कोणीतरी डबा आणायचं
आणि बेल न वाजवता पायरीवर बसून राहायचं,
मी दार उघडेपर्यंत.
अशा माणसांच्या रसाला
कुठल्या तोंडाने कडू म्हणायचं?

तर मी गोळ्या चोरून सुरू केल्या.
पाकीट कुमुदच्या शिवणाच्या डब्यात, बटणांखाली.
अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा
व्यसन लागल्यासारखं वाटलं.

मग नवरात्रातल्या एका रात्री,
ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून मुद्दाम गाठलेल्या
खोपटच्या एका औषधाच्या दुकानात
माझ्यापुढचा माणूस टिपणीस निघाला.
काउंटरवर त्याचं पाकीट. तीच हिरवी पट्टी.
"बाम घ्यायला आलो होतो," तो म्हणाला.
"मीही," मी म्हणालो.
दुकानदाराने दोन बाम काढून ठेवले.
घ्यावे लागले.

सकाळी रस त्यानेच ओतला. हात जरा हलला.
मला राग यायला हवा होता, आला नाही.
एवढंच दिसत राहिलं
की तो आमच्यासाठी पीत होता, आम्ही त्याच्यासाठी,
कारल्याला कोणी विचारलंच नव्हतं.

काल शिधयेचा पायाचा अंगठा काढला.
शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य,
"टिपणीसला सांगू नका."

आज बाकाजवळ सहाजण.
बोललो काही नाही. कागद नाही, खुणा नाहीत.
म्हात्रेच्या मांडीला मांडी लावून, बसल्या जागी,
खिशातली पट्टी काढली,
गोळी जिभेवर ठेवली
आणि वरून रस प्यालो.
कांबळीचा ग्लास हवेतच राहिला.
समोरून कर्णिक येत होता, मान हलवायच्या तयारीत.

टिपणीसने पट्टी हातात घेतली,
चष्मा कपाळावर सारून बारीक अक्षरं वाचली,
जशी पहिल्यांदाच.

"नाश्त्याआधी घेतोस," त्याने विचारलं,
"की नंतर?"