तिसऱ्या मशीनची नोंद

आमच्या गिरणीत पूर्वी कागद व्हायचा.
आता तिथे ढग ठेवलाय.
ढग म्हणतात खरं, पण वजन बघाल तर
पहिल्या वर्षी ट्रक आले तेव्हा
नदीवरचा पूल आधी बळकट करून घ्यावा लागला.

मी इर्मेली. एकतीस वर्षं लगद्याच्या वासात काढली,
आता त्याच भिंतींच्या आत रात्रपाळीचा पहारा करते.
चौदा दालनं, कपाटांच्या रांगा,
हिरवे दिवे, आणि वारा.
वाऱ्याशिवाय कुणी बोलत नाही इथे,
आणि म्हणे आत कोट्यवधी माणसं बोलतायत.

खाडीचं गार पाणी नळातून येतं,
कपाटांचा ताप उचलतं
आणि पंपघरातून गावात जातं.
जानेवारीत, उणे अठ्ठावीसला,
रेडिएटरला पाठ लावून बसते तेव्हा मनात येतं,
कुणाच्या लग्नाचे फोटो,
कुणाची थकलेली बिलं,
कुठल्याशा पोराने शंभरदा पाहिलेलं मांजर,
आणि त्या सगळ्यांच्या उबेवर
माझे मोजे वाळतायत.

तबकडी पाच वर्षं जगते, फार तर सहा.
ती थकायच्या आत तिच्यातलं दुसरीत ओततात,
दुसरीतलं तिसरीत.
आई विरजण असंच चालवायची,
कालच्यातलं चमचाभर आजच्यात.
एकदा आजोळी गेलो आठवडाभर,
आणि मोडलं ते.

हिवाळ्यात विद्यापीठातून ओक्को आला,
पाठीवर पेटी, पेटीत बिस्किटाएवढी काच.
लेसरने आतल्या आत टोचून लिहायचं.
वीज नको, गारवा नको,
दहा हजार वर्षं टिकेल, म्हणाला.
मी म्हटलं, मोजायला थांबणार आहेस का?
हसला. त्याची मैत्रीण तर डीएनएत लिहिते,
मिठाच्या खड्यात अख्खं वाचनालय.
आणि पुस्तक हवं असलं तर?
तर थोडं थांबावं लागतं, म्हणाला,
अजून.

मग तोच म्हणाला,
चाचणीला मजकूर हवाय. काहीही चालेल.
तुमचं काही असेल तर द्या ना.

दुसऱ्या रात्री राउनोची वही नेली.
तिसऱ्या मशीनचा मुकादम होता तो,
पेन्सिलीने लिहायचा, आमच्याच कागदावर,
आणि तोंडाने जवळजवळ नाहीच.
लग्नाचंसुद्धा त्याच्या बहिणीने विचारलं.
ओक्कोला वाटलं मी एखादं सुंदर पान काढीन.
मी हे काढलं:

*कागद तुटला, २.१०. जोडला, २.३४.*
*इ.चा हात भाजला. बर्फ लावला.*
*बाकी ठीक.*

इ. म्हणजे कोण? त्याने विचारलं.
होती एक कामगार, म्हटलं,
आणि बाही मनगटाच्या खाली ओढली.

त्याने टोचलं ते काचेत.
उजेडाला धरून मी पुष्कळ पाहिलं,
श्वासाची वाफ धरावी तेवढंच काहीतरी,
अक्षर म्हणून एक नाही.
वाचायला त्याचं यंत्र लागतं,
ते यंत्र दोन खोल्यांएवढं,
आणि त्याचे सुटे भाग आत्ताच मिळत नाहीत.

काच सातव्या दालनात आहे, कुलपात.
मध्यरात्रीनंतर दोन-दहाच्या सुमारास
माझी फेरी तिथेच पोचते,
ठरवून नाही,
पण वेळापत्रक मीच लावलंय.

वही मी परत आणली.
तिला चष्मा लागतो फक्त.